गेणबाचे खडे

रविराज कोकरे काही ठरवून खोटं बोलला नव्हता. चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात ते त्याच्या तोंडून निघालं. निघाल्यावर मात्र त्याला पाय फुटले, मग पंख फुटले आणि शेवटी परदेशी जायचा पासपोर्टही मिळायच्या बेतात आला.

झालं होतं असं. दोन हजार नऊ सालच्या हिवाळ्यात पुण्यातल्या हवामानाच्या एका संस्थेत पाच देशांची शहाणी माणसं जमली होती. जगात त्या वेळी हवामानाची वीसेक मॉडेलं चालू होती. मॉडेल म्हणजे संगणकात उभी केलेली अख्खी पृथ्वी. वारा, समुद्र, ढग, बर्फ, सगळं गणितात. जर्मनांची पृथ्वी वेगळी, जपान्यांची वेगळी, अमेरिकेच्या तर घरातच तीन-चार. पन्नास वर्षांनी दख्खनवर पाऊस किती पडेल असं विचारलं की एक पृथ्वी म्हणे वाढेल, दुसरी म्हणे घटेल, तिसरी म्हणे आहे तसाच राहील. आजवर लोक सगळ्यांची सरासरी काढून मोकळे होत. या मंडळींचं म्हणणं असं, की सरासरीच्या पंगतीत शहाणा आणि वेडा मांडीला मांडी लावून बसतात, आणि वाढपी दोघांना सारखंच वाढतो. त्यापेक्षा यंत्रालाच शिकवावं. मागच्या शंभर वर्षांचा खरा पाऊस त्याच्यापुढे ठेवावा. ज्या मॉडेलचा अंदाज खऱ्याच्या जवळ गेला त्याचं वजन वाढवावं, जे चुकलं त्याचं उतरवावं. असं करत करत कुणाचं किती ऐकायचं ते यंत्राला उमगतं. मशीन लर्निंग म्हणतात ते हेच.

यात रविराजचं काम खालच्या बाजूचं, पण सगळ्यात किचकट. जुन्या पर्जन्यमापकांच्या नोंदी चाळायच्या आणि कुठली खरी, कुठली बिघडलेली ते ठरवायचं. यंत्र शिकणार ते याच नोंदींवरून. शिवाय निम्मा प्रोग्राम त्याच्याच हातचा होता. पण बैठकीत त्याला बोलायला मिळाली शेवटची काही मिनिटं, आणि तीही लोकांची जेवणाची वेळ झाल्यावर.

दुपारच्या चहाला एका थोर प्राध्यापकांनी त्याच्या छातीवरची पाटी वाचली आणि बाजूच्या पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं, "याचं आडनाव कोकरे. म्हणजे मेंढीचं पिल्लू."

सगळे हसले. वाईट कुणीच हसलं नाही. पण मेंढीचं पिल्लू मध्ये उभं आणि भोवती हसणारे, असा तो देखावा होता. रविराजच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मेंढरांवरूनच तर हे सुचलं," तो म्हणाला.

आणि मग सुटलाच. आमच्याकडे धनगरांचा वाडा असतो, तो म्हणाला. वाडा म्हणजे चौकाचा आणि तुळशीवृंदावनाचा नव्हे. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, असा हिंडता मुक्काम. संध्याकाळी सगळे घोंगडीवर बसत. प्रत्येकाकडे खडे. उद्या पाऊस कुठं पडेल, गवत कुठं असेल, ते ज्यानं त्यानं सांगायचं. दुसऱ्या दिवशी ज्याचं चुकलं त्यानं एक खडा द्यायचा, ज्याचं खरं ठरलं त्यानं घ्यायचा. ज्या दिशेला जास्त खडे, तिकडं वाडा हलायचा. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. आणि सगळ्यात जास्त खडे असायचे माझ्या आजोबांकडे.

हसू थांबलं होतं. मरायके नावाची डच बाई, जिच्याकडे या सगळ्या कामाची सूत्रं होती, तिनं कप खाली ठेवला. "म्हणजे आपण दोन वर्षं घासतोय तो सगळा हिशेब तुझ्या आजोबांनी घोंगडीवर केला होता," ती म्हणाली. "हे लेखात यायलाच हवं."

संध्याकाळपर्यंत पद्धतीचं नाव 'वाडा' ठरलं. तळटीपेत निमोणे गावचे गेणबा कोकरे यांचं ऋण मानायचंही ठरलं. आदल्या दिवशी ज्यांना रविराजचं नाव आठवत नव्हतं ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागले. एवढं सुख त्याला झेपलं नाही. 

कारण खरी गोष्ट त्याला लहानपणापासून ठाऊक होती. कोकऱ्यांच्या घरात कुणी दौंडचं नाव काढत नसे. शिरूरच्या स्टँडवर दौंडची एसटी लागली, तरी त्याची आई तिला 'तिकडची गाडी' म्हणायची. रविराजच्या बापाच्या जन्माआधी कधीतरी गेणबाचा वाडा दौंडजवळ भीमेच्या काठी उतरला होता. गेणबा तेव्हा ऐन जवानीत. आभाळाकडे बघून तो म्हणाला, पाऊस येत नाही, मेंढरं खाली पात्रात बसवा, गवत चांगलं आहे. आणि पाऊस नाहीच आला. दौंडला एक टिपूस पडला नाही. पण वर घाटात तो कोसळला होता आणि त्याचं पाणी दिवस उगवायच्या आत खाली आलं. मेंढरं गेली, घोडी गेली. माणसं तेवढी वाचली. त्यानंतर गेणबाला कुणी आभाळातलं काही विचारलं नाही. त्यानंही मेंढरं सोडली, निमोण्याला खडकाळ रान धरलं आणि खाली मान घालून शेती केली. पोराच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा त्यानं दुसऱ्यांना ठरवू दिला, आपण हो म्हणाला.

अशा माणसाकडे जगातले सगळ्यात जास्त खडे होते, असं त्याचा नातू पाच देशांना सांगून बसला होता.

महिन्याभरात मरायकेचा निरोप आला. लेख छापायला देण्याआधी ती पुन्हा भारतात येणार होती आणि तिला निमोण्याला येऊन हे सगळं डोळ्यांनी बघायचं होतं.

रविराज घाईनं गावी आला. आबा, म्हणजे गेणबा, रानात गेल्याचं बघून त्यानं आईला, सखूबाईला, चुलीपाशी गाठून सगळं सांगितलं. सखूबाईनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"म्हंजी आमी आता खडं खेळायचं?"

"एक दिवस, आई. ती बघंल आन् जाईल."

"आन् तुज्या आबांना काय सांगू?"

"त्यांना काही सांगू नको."

सांगायची गरजच पडली नाही. ओट्यावर हौसराव नाना चहाची वाट बघत बसले होते. नाना माजी सरपंच, दूध सोसायटीचे आजी चेअरमन आणि गावातल्या प्रत्येक लग्नात आहेराआधी भाषण करणारे. त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी मेंढरू वळलेलं नव्हतं, पण म्हणून ते मागं राहणार होते थोडेच.

"रविराज, पाहुनी हिकडं येती म्हंजी ती तुज्या घरची ऱ्हाईली न्हाई, गावाची झाली," नाना आत येऊन म्हणाले. "खडं कमी पडतील आशी काळजी करू नको. घोडनदीला काय खड्यांचा दुष्काळ हाय?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खडे आले. आयाबायांकडून ते धुऊन घेतले. एकानं त्यांना चुना लावावा असं सुचवलं, पण तेवढं नानांनी मोडून काढलं. बिरोबाच्या देवळापुढं तालीम झाली. खऱ्या धनगरांच्या घोंगड्यांपेक्षा नानांची घोंगडी नवी होती, दुकानाची चिठ्ठी अजून टोकाला होती.

अडचण आली ती खडा देण्यात. चुकलेल्यानं खडा द्यायचा, हे रविराजनं चार वेळा समजावलं.

"मी चुकलो न्हाई," पहिला म्हणाला, "पाऊस चुकला."

"मी जिकडं सांगितला तिकडंच पडला," दुसरा म्हणाला, "तुमी गेला न्हाई बघायला."

नाना तर खडे पटक्यात बांधूनच बसले. "माजी सरपंचाचा खडा काढून घेणार? आन् मग सोसायटीच्या मीटिंगला मी कोंच्या तोंडानं बसू?"

बराच वेळ खल झाला. शेवटी बिनविरोध ठरलं, की पाहुणीपुढं कुणीच चुकायचं नाही.

गेणबा हे सगळं पाराच्या कडेला बसून बघत होता. ऐंशी ओलांडलेला, अंगानं काटकुळा, पण कान शाबूत. माणसं पांगल्यावर तो नातवाला म्हणाला, "माज्याकडं लई खडं व्हतं म्हनं?"

रविराज गोळा केलेले खडे पुन्हा गोळा करायला लागला. "व्हय, आबा."

"लई म्हंजी?"

"समद्यात जास्त."

गेणबानं देवळाच्या कळसाकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, आणि काठी टेकत घराकडे चालू लागला. रागावला असता तर रविराजला सोसलं असतं. त्या एका 'बरं'मुळे त्याला त्या धुतलेल्या खड्यांकडे बघवेना.

रविवारी मरायके आली. तिचं नाव ऐकून बायका आधी चरकल्या. "मरीआई? पोरीचं नाव मरीआई ठिवलं?" असं म्हणून एकीनं लिंबू आणायला सांगितलं. मग ती उंच, गोरी बाई चपला काढून खाली बसली, पिठलं-भाकरी खाऊन तिनं नाक पुसलं, आणि मरीआई गावाला एकदम आवडून गेली.

खेळ नानांनी चालवला. प्रत्येकानं दिशा सांगितली, प्रत्येकाची नानांनी जागच्या जागी बरोबर ठरवली आणि प्रत्येकाला खडा मिळाला. थोड्याच वेळात ट्रॉलीतला ढीग निम्मा झाला. मरायकेनं हळूच विचारलं, "इथं कुणी चुकत नाही का?"

"हंगाम चांगला आहे," रविराज इंग्रजीत म्हणाला.

मग ती उठून गेणबापुढं जाऊन बसली. तिच्या नजरेत खरा आदर होता, आणि रविराजला तोच बघवत नव्हता. "आजोबांना विचार," ती म्हणाली, "ते कधी चुकले होते का?"

रविराजनं विचारलं. विचारताना त्यानं आबांच्या पटक्याकडे बघितलं, डोळ्यांकडे नाही.

"न्हाई," गेणबा म्हणाला. "कवाच न्हाई."

"आणि जो चुकला, त्याला पुढं कधी विचारायचे का? आमच्याकडे यावर वाद आहे. मी म्हणते चुकलेल्या मॉडेलचं वजन अगदी शून्यावर नेऊ नये, चिमूटभर ठेवावं. उद्या हवामान बदललं तर तेच कामाला यायचं."

रविराजनं तेही जमेल तसं मराठीत सांगितलं. गेणबानं काठी मांडीवर आडवी घेतली.

"न्हाई. त्याला मग कुनी इचारत न्हाई," तो म्हणाला. "तो बी सांगत न्हाई."

मरायकेनं मान डोलावली. मग म्हणाली, एकाच ठिकाणच्या नोंदीवर ती कधी विसंबत नाही. पावसाची असो नाही तर माणसाची. त्या वाड्यातलं दुसरं कुणी हयात आहे का?

रविराज 'नाही' म्हणणार तेवढ्यात नानांनी 'सेकंड पर्सन' एवढं पकडलं. "हाय की. भांडगावची साखरबाई. तिचा मालक आन् गेणबा एकाच वाड्यातलं. चुलतभाऊच ते." आणि आपण पाहुणीच्या किती कामाला आलो, या आनंदात त्यांनी भोवती पाहिलं. म्हातारी माणसं सगळी जमिनीकडे बघत होती.

"मी बी येतो," गेणबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरायकेच्या भाड्याच्या गाडीतून तिघं निघाले. न्हावऱ्यावरून रस्ता खाली उतरतो आणि पारगावच्या पुलावर भीमा लागते. गेणबानं नदी नको म्हणून मान दुसरीकडे फिरवली. पण पुलाला दोन्ही अंगांना नदीच असते, त्यामुळं शेवटी त्यानं पटका डोळ्यांवर ओढून घेतला. मरायकेला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागतंय. तिनं काच वर केली.

साखरबाई भांडगावात कालव्याच्या बाजूला लेकाकडे राहत होती. सून अनिता हिनं अंगणात खुर्च्या टाकल्या. साखरबाई सुपात तूर पाखडत होती. तिनं आधी गोऱ्या बाईकडे बघितलं, मग रविराजकडे, आणि मग गाडीतून एकेक पाय बाहेर काढणाऱ्या गेणबाकडे. सूप थांबलं.

"आलात व्हय, भावजी," ती म्हणाली. "पानी पिनार का? का अजून भ्या वाटतंय पान्याचं?"

गेणबा खुर्चीवर बसला नाही. अंगणात खालीच टेकला.

रविराजनं घसा साफ केला. हवामानाचा अभ्यास चालला आहे, त्यासाठी वाड्यातल्या खड्यांची माहिती हवी, असं त्यानं गोल गोल सांगितलं.

"खडं? कसलं खडं?"

"म्हंजी वाडा कुठं न्यायचा ते कसं ठरवायचात, आज्जी?"

"कसं ठरवायचं? भांडून. धा तोंडं आन् धा वाटा. जो मोठ्यानं वरडंल त्याचं ऐकायचं. हे तुजं आबा तवा लई मोठ्यानं वरडायचं. म्हन्लं पाऊस येत न्हाई, मेंढरं पात्रात बसवा. माजा मालक म्हनत व्हता, नगं. पर त्याचा आवाज बारीक. पाऊस न्हाईच आला, त्यात खोटं न्हाई. पानी आलं. बसल्या जागी मेंढरं गेली. माजी घोडी गेली, तिच्या पाठीवर माजा समदा संसार व्हता. कोंबड्यासुदिक गेल्या."

ती थांबली. मरायके रविराजच्या तोंडाकडे बघत होती. तिथं त्या अंगणात दोन्ही भाषा कळणारा माणूस तो एकटाच होता. एवढी सत्ता त्याला आजवर कुठल्याच बैठकीत मिळाली नव्हती.

"त्या म्हणतात," तो इंग्रजीत म्हणाला, "बरीच चर्चा व्हायची. माझ्या आजोबांच्या शब्दाला मान होता."

मरायके हसली आणि तिनं मान डोलावली.

"रव्या," खालून गेणबा म्हणाला. "ती एवढं बोलली. तू एवढंच सांगितलं?"

"इंग्रजीत थोडक्यात व्हतं, आबा."

"त्यात पानी कुठं आलं?"

रविराज मरायकेकडे बघून उगाच हसला.

"वॉटर म्हन्लास का तू? मला वॉटर कळतंय. आपल्या टाकीवर लिव्हलंय ते. तू वॉटर म्हन्ला न्हाईस."

तुरीवर बसलेली एक चिमणी साखरबाईनं हाताच्या फटकाऱ्यानं हाकलली. गेणबा नातवाकडे बघत होता. रागानं नाही, तहानलेल्या माणसानं दुसऱ्याच्या तांब्याकडे बघावं तसा. काल एवढ्या माणसांसमोर हा म्हातारा 'कवाच न्हाई' म्हणाला होता. उभ्या आयुष्यात त्यानं सांगितलेलं हे पहिलं खोटं असावं, आणि ते त्यानं नातवाला खाली बघावं लागू नये म्हणून सांगितलं होतं. रविराजला हे कळायला भांडगावचं अंगण लागलं, इतका तो शिकलेला होता.

त्यानं सुरुवात केली ती शेवटाकडून. खडे नव्हतेच, तो म्हणाला. ते मी बनवले. चहाच्या वेळी. मग पात्र, पाणी, मेंढरं, घोडी. कोंबड्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला ऐनवेळी आठवेना, तेव्हा तो हातानं चोच करून दाखवायला लागला आणि तिथंच त्याचा आवाज फाटला. वॉटर हा शब्द त्यानं चार-पाच वेळा घेतला. दर वेळी गेणबा मान हलवत होता, पावती दिल्यासारखी.

मरायकेनं मध्ये काही विचारलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "आणि काल आजोबा नाही म्हणाले, ते?"

"माझ्यासाठी."

तिनं गेणबाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"काय म्हन्ती?" साखरबाईनं विचारलं.

"काही नाही, आज्जी."

"तिला सांग, मेंढरं गेली त्याचं मला काई न्हाई. मेंढरं पुन्यांदा झाली. चुकतंय मानूस." आता ती गेणबाशी बोलत होती. "पर तुमी एकडाव दारात आला न्हाई. माजा मालक गेला तवा बी न्हाई. मी वाट बगत व्हते, शिव्या द्यायला. एवढ्या वर्सांच्या शिव्या तशाच ऱ्हाईल्या माज्याकडं."

"दे की मग आता," गेणबा म्हणाला.

"आता दात न्हाईत. शिवी निसटती मधनं."

अनिता तोंडाला पदर लावून आत पळाली. गेणबा हसला की खोकला ते कळलं नाही, पण निघायची वेळ झाली तेव्हा तो उठेना. "मी ऱ्हातो जेवायला," तो म्हणाला. "तुमी व्हा फुडं." साखरबाईनं नको म्हटलं नाही. सुपातली निम्मी तूर तिनं एका ताटात काढून त्याच्यापुढं सरकवली, आणि म्हातारा खडे निवडायला बसला.

गाडी हायवेला लागली. यवत गेलं, उरुळी गेलं. रविराजनं तोवर मनात मरायकेच्या तोंडी सगळी वाईट वाक्यं घालून पाहिली होती. ती जे म्हणाली ते त्यात नव्हतं.

"खड्यांचं मला फार वाटत नाही. मी स्वतःच भाळले. पण तुझ्या पावसाच्या नोंदी आहेत. हजारो ठिकाणी तू लिहिलंस, ही नोंद बिघडलेली आहे, ही काढली, ही ठेवली. मी तुझ्या शब्दावर मान्य केलं. यंत्र त्यावरच शिकलं. आता ते सगळं मला दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं लागेल."

"त्यात मी काही केलेलं नाही," रविराज म्हणाला.

"असेल. पण हे तू सांगतोयस."

डोळे चुरचुरायला लागले तेव्हा त्यानं आपल्या बाजूची काच खाली केली, धुळीचं निमित्त असावं म्हणून.

पुढच्या बैठकीत, फोनवर पाच देश जोडलेले असताना, त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. सांगून झाल्यावर कुणीतरी झापेल म्हणून तो टेबलाची कड धरून बसला. त्या थोर प्राध्यापकांचं हसू तेवढं ऐकू आलं. "अरे, पण किस्सा फक्कड होता. ठेवला असता तर कुणाचं काय बिघडत होतं?" त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी चहाला जे हसले त्यांच्या बाजूला आता आपण गेलोय, असं त्याला ते हसू ऐकून वाटलं.

नोंदी हॉलंडातल्या दुसऱ्या एका बाईनं पहिल्यापासून तपासल्या. त्याला बरेच महिने लागले आणि लेख तेवढा रखडला. नोंदी चोख निघाल्या. मरायकेनं ते एका ओळीत कळवलं. त्या ओळीत राग नव्हता आणि पूर्वी असायची तशी थट्टाही नव्हती. लेख छापून आला तेव्हा त्यात 'वाडा' नव्हता, गेणबा नव्हता. पद्धतीला चार अक्षरांचं एक नीरस नाव होतं आणि रविराजचं नाव मध्येच कुठंतरी, दोन लांबलचक आडनावांत दबलेलं.

पुण्यातलं खोटं असं निस्तरलं. निमोण्यातलं मात्र त्याला आवरेना. ट्रॉलीभर खडे उरले होते, आणि नाना काही वाया जाऊ देणारे नव्हते. त्यांनी देवळाशेजारी कट्टा बांधून घेतला, वर खडे बसवले आणि पाटी लावली: 'जगप्रसिद्ध पाऊस-खडे, मौजे निमोणे.' शेतकऱ्यांच्या सहली येऊ लागल्या. नाना माहिती सांगत. त्यांच्या माहितीत आता गोरे लोक तीन वेळा येऊन गेले होते, गेणबाच्या एका खड्यावर अमेरिकेचं सगळं यंत्र चालत होतं, आणि चुकलेला खडा आपोआप काळा पडत होता.

रविराज गावी आला की कट्ट्यावर जाऊन उभा राहायचा आणि सांगायचा, हे खोटं आहे, मी बनवलेलं आहे. लोक हसत. "बगा, एवढा मोठा सायंटिस, पर गर्व न्हाई," नाना म्हणत, आणि सहलीतली माणसं त्याच्यासोबत फोटो काढून घेत. जेवढं खरं सांगावं तेवढा त्याचा मोठेपणा वाढत चालला. गेणबा आता महिन्यातून एकदा एसटीनं भांडगावला जायचा. कट्ट्यावर त्याला कुणी विचारलंच तर दौंडची सगळी हकिकत सांगायचा, आणि लोक तीही नानांच्या माहितीला जोडून घ्यायचे.

एका सहलीत वरवंडच्या बायका होत्या. रविराजनं नेहमीसारखं सांगितलं, बायका नेहमीसारख्या हसल्या आणि नानांच्या मागं गेल्या. एक तेवढी थांबली. रतनबाई असं तिचं नाव बाकीच्या हाका मारत होत्या त्यावरून कळलं.

"म्हंजी तुमी खोटं बोल्ला?" तिनं विचारलं.

"हो."

"तुमच्या आज्याच्या नावानं?"

"हो."

"आन् नोकरी हाय अजून?"

"आहे."

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. इतके महिने तो धडपडत होता की एखाद्यानं तरी आपलं खरं मानावं. आता एकीनं मानलं होतं, आणि तो कुठं बघावं ते न कळून तिच्या चपलांकडे बघत होता.

रतनबाईनं पिशवीत हात घालून एक खडा बाहेर काढला. कट्ट्याच्या मागून उचलला असावा. "मी घेतला व्हता. म्हन्लं पावसाचं बगंल घरी."

"टाकून द्या तो."

"मी कशाला टाकू?" ती म्हणाली. "तुमचा हाय, तुमीच टाका."

खडा त्याच्या हातात देऊन ती बाकीच्यांच्या मागं निघून गेली.